मलप्रभेच्या काठाने: आधी पाणी, मग झाड, मग दगड, मग मूर्ती

बेळगाव, खानापूर आणि सौंदत्ती या पट्ट्यातील जुनी देवळे पाहायला जाणारे बहुतेक लोक थेट गाभाऱ्यापर्यंत जातात, हात जोडतात, एखादे छायाचित्र घेतात आणि परतीला लागतात. दर्शन म्हणून त्यात काहीच उणे नाही. मात्र ज्यांना या देवळांतून काही अधिक हवे आहे, म्हणजे मन स्थिर होण्याचा आणि डोळे निवण्याचा अनुभव हवा आहे, त्यांनी पाहण्याचा क्रम बदलावा असे मला कळकळीने सुचवावेसे वाटते. ही देवळे बांधणाऱ्यांना आधी पाणी सापडले, त्या पाण्याभोवती झाडी राखली गेली, मग दगड आला आणि सर्वांत शेवटी त्या दगडातून मूर्ती उभी राहिली. आपण हा क्रम उलटा करतो आणि म्हणून छतावरचे कमळ आपल्याला नुसते नक्षीकाम वाटते. पाणी, झाड, दगड, कोरीवकाम आणि मूर्ती या क्रमाने एकदा जरी एखादे देऊळ पाहिले, तरी तेच कमळ वेगळे दिसू लागते. या लेखात ती रीत टप्प्याटप्प्याने मांडली आहे आणि प्रत्येक टप्प्यासाठी आपल्याच भागातील ठिकाणे सुचवली आहेत.

मार्ग कसा आखावा

देवळांची यादी करून एका दिवसात सात-आठ ठिकाणे उरकण्याचा मोह आधी बाजूला ठेवावा. त्याऐवजी एखादी नदी धरावी, आणि आपल्या भागात ती नदी म्हणजे मलप्रभा. खानापूर तालुक्यातील कणकुंबीच्या डोंगराळ प्रदेशात ती उगम पावते, जांबोटीच्या जंगलातून आणि असोग्याजवळून खानापूरला येते, पुढे मुगुटखान हुबळी व कडरोळीवरून सौंदत्तीकडे जाते आणि शेवटी कूडलसंगम येथे कृष्णेला मिळते. तिच्याच काठी खाली पट्टदकलची मंदिरे उभी आहेत, ज्यांचा १९८७ साली जागतिक वारशात समावेश झाला. म्हणजे बदामी चालुक्यांच्या ज्या शिल्पवैभवासाठी आपण दूरवर प्रवास करतो, त्याला पाणी पुरवणारी नदी आपल्या उंबऱ्याशी सुरू होते. उगमापासून खाली असे हळूहळू उतरत गेले की डोंगर, माती, झाडे आणि देवळांची घडण कशी बदलत जाते ते कोणी न सांगताही ध्यानात येते.

एका दिवशी एक, आणि जवळजवळ असतील तर फार तर दोन-तीन ठिकाणे ठेवावीत. कणकुंबी, हब्बनहट्टी आणि असोगा हा भाग एका दिवसात होतो. हलशीला स्वतंत्र दिवस द्यावा. देगाव आणि कडरोळी ही दोन्ही कित्तूरच्या बाजूला असल्याने एकत्र करता येतात. सौंदत्तीचा दिवस वेगळाच धरावा, कारण तिथे गर्दी असते आणि ती गर्दी हाही त्या क्षेत्राचाच एक भाग आहे.

बेळगावहून खानापूर सुमारे पंचवीस किलोमीटर आहे आणि तिथे रेल्वे तसेच बस दोन्हींनी जाता येते. खानापूरच्या पुढे आतल्या गावांसाठी स्वतःचे वाहन असले तर बरे, कारण परतीच्या बसची वेळ मनात असेल तर निवांत बसणे होत नाही.

ऋतू आणि दिवसाची वेळ

कणकुंबी हा जिल्ह्यातील सर्वाधिक पावसाच्या भागांपैकी एक आहे. जून ते सप्टेंबर या काळात तिथले रूप विलक्षण असते, पण ओढ्यांना अचानक लोंढा येतो, पायऱ्या शेवाळतात आणि जंगलवाटेवर जळवा लागतात. पहिल्यांदा जाणाऱ्याने ऑक्टोबरचा उत्तरार्ध ते फेब्रुवारी हा काळ निवडावा. त्या दिवसांत नदीला पाणी असते, पण ते निवळलेले असते. गवत अजून हिरवे-पिवळे असते आणि ऊन तिरपे असते.

तिरप्या उन्हाचा मुद्दा विशेष महत्त्वाचा आहे. देवळाच्या बाहेरच्या भिंतीवरील उठाव दुपारी बाराच्या सुमारास जवळजवळ नाहीसे होतात, कारण सूर्य डोक्यावर असताना सावल्या पडत नाहीत. सूर्योदयानंतरच्या दीड-दोन तासांत पूर्वेकडील भिंत आणि सूर्यास्तापूर्वीच्या तेवढ्याच वेळात पश्चिमेकडील भिंत पाहावी. मधली दुपार मंडपाच्या आतील भागासाठी राखून ठेवावी. त्या वेळी अंगणातील ऊन फरशीवर पडून परावर्तित होते आणि एरवी अंधारात असलेली छते त्या उजेडात खालून उजळतात. फार थोडे लोक ही वेळ साधतात.

डोळ्यांची तयारी: किल्ल्यातील कमल बस्ती

नदीकडे निघण्यापूर्वी बेळगावच्या किल्ल्यात जाऊन कमल बस्ती पाहावी; बस्ती म्हणजे जैन मंदिर. रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याचा मंत्री बीचिराज याने १२०४ साली ती बांधली. आत नेमिनाथ तीर्थंकरांची काळ्या पाषाणातील मूर्ती आहे. बस्तीला नाव ज्याच्यामुळे मिळाले ते कमळ मुखमंडपाच्या छतात आहे. दगडाचे एवढे मोठे फूल डोक्यावर उलटे उमललेले आहे आणि त्याच्या बहात्तर पाकळ्या भूत, वर्तमान आणि भविष्य या तीन काळांतील प्रत्येकी चोवीस तीर्थंकरांच्या आहेत.

आत पाऊल टाकताच मान वर करू नये. बाहेरच्या उन्हातून आल्यावर डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला काही मिनिटे लागतात, तोवर खांब पाहावेत. ते घोटून इतके गुळगुळीत केलेले आहेत की त्यांच्या कडांवर उजेडाची रेघ ठरते. त्यानंतर छताकडे वळावे. मान सतत वर ठेवून छत पाहिले की दोन मिनिटांत त्रास होऊ लागतो आणि लक्ष उडते. यासाठी एक सोपा उपाय आहे: हातात मावेल एवढा आरसा कमरेच्या उंचीवर आडवा धरावा आणि त्यात छत पाहावे. पाकळ्यांची वर्तुळे आरशात स्थिर दिसतात आणि कितीही वेळ पाहता येतात. आरसा काढण्यापूर्वी तिथल्या पुजाऱ्यांना विचारावे. जैन बस्तीत चामड्याचा पट्टा आणि पाकीट बाहेर ठेवण्याची प्रथा पाळावी आणि आत काही खाऊ-पिऊ नये.

कमळाकडे पाहताना मनाशी एक प्रश्न धरावा: हे फूल करणाऱ्याने खरे कमळ कुठे पाहिले असेल? तळ्यातले कमळ आपण वरून पाहतो, आणि इथे ते वर टांगलेले असल्यामुळे आपली जागा पाण्यात, फुलाच्या खाली येते. मला या रचनेतील भक्ती तिथेच जाणवते. माणसाला पाण्याच्या तळाशी उभे करून त्याच्यावर तीनही काळांतील तीर्थंकरांची छाया धरणे ही कल्पना ज्याला सुचली, त्याने एखाद्या तळ्याकाठी बराच वेळ नक्कीच घालवला असला पाहिजे. जवळच असलेली चिक्की बस्तीही याच भेटीत पाहून घ्यावी, आणि बाहेर पडल्यावर खंदकातील पाण्याकडे काही क्षण बघावे.

पहिला टप्पा: पाण्यापाशी बसणे

बेळगावहून जांबोटीमार्गे चोर्ला घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावर कणकुंबी लागते. इथे माउली देवीचे देऊळ आहे आणि मलप्रभेच्या उगमाचे तीर्थ आहे. भव्य शिल्पांची अपेक्षा घेऊन इथे येऊ नये. इथे पाहायचे आहे ते हे की जमिनीतून झिरपणाऱ्या पाण्याला दगडी काठ बांधून, पायऱ्या देऊन आणि जवळ देवतेची स्थापना करून माणसांनी त्याला तीर्थ कसे केले. देवळाची वास्तू ही मुळात पाण्याची राखण आहे, हे कणकुंबीत जितके स्पष्ट दिसते तितके मोठ्या मंदिरांत दिसत नाही.

इथे करायची गोष्ट एकच आहे. तीर्थाच्या काठावर कोणाच्या वाटेत येणार नाही अशी जागा पाहून किमान वीस मिनिटे न बोलता बसावे. भ्रमणध्वनी बंद करून पिशवीत ठेवावा. पहिली काही मिनिटे मन बाहेरच धावते. त्यानंतर पाण्याचा आवाज कानावर यायला लागतो, आणि तो आवाज एकच नसून त्यात थेंबाचा, वाहण्याचा आणि दगडावर आपटण्याचा असे निरनिराळे आवाज आहेत हे कळते. सकाळी लवकर गेल्यास ओढ्याच्या बाजूने शीळकरी कस्तुर या पक्ष्याची लांबलचक, माणसाने घातल्यासारखी शीळ ऐकू येण्याची शक्यता असते. ही बैठक टाळून पुढे गेल्यास उरलेल्या सर्व टप्प्यांचा उपयोग निम्मा होतो असे माझे मत आहे, कारण पुढे दगडात जे दिसणार आहे ते याच पाण्याचे आहे.

जांबोटी परिसरातील हब्बनहट्टीला नदीपात्रातच स्वयंभू मारुतीचे स्थान आहे. पावसाळ्यात ते पाण्याखाली जाते आणि पूर ओसरला की पुन्हा भाविकांची रीघ लागते. नदीने दरवर्षी देवाला स्नान घालावे, या भावनेने लोक त्याकडे पाहतात आणि पाण्याला दोष देत नाहीत. खानापूरजवळ असोगा येथे रामलिंगेश्वराचे देऊळ मलप्रभेच्या काठावर आहे. तिथले पात्र खडकाळ आहे आणि हिवाळ्यात पाणी खडकांमधून वाट काढत जाते. या दोन्ही ठिकाणी पोहण्याचा मोह करू नये. शांत दिसणाऱ्या डोहांची खोली कळत नाही आणि शेवाळलेल्या खडकावर पाय ठरत नाही.

दुसरा टप्पा: झाडाची ओळख

देवळाच्या आवारातील झाडे ही शोभेसाठी लावलेली नसतात. शंकराच्या देवळापाशी बेल, दत्ताच्या स्थानी औदुंबर, नागशिळांजवळ पिंपळ किंवा वड, आणि ओट्याशेजारी पांढरा चाफा अशी जोडी परंपरेने ठरलेली आहे. खानापूरच्या जंगलपट्ट्यात काही गावांनी देवाच्या नावाने रानाचा एखादा तुकडा राखलेला आढळतो. अशा देवराईतून वाळलेली फांदीसुद्धा घरी न्यायची नाही, हा संकेत जुनी माणसे अजून पाळतात. त्यामुळे बाहेर माळ झालेला असतानाही आत जुने वृक्ष, वेली आणि ओल टिकून राहते.

आवारात शिरल्यावर आधी झाडांची नोंद करावी. वहीत पानाचा आकार काढावा, झाड कोणत्या दिशेला आहे ते लिहावे, सावली कुठे पडते ते पाहावे. चित्रकला येत नसली तरी चालते, कारण चित्र चांगले येण्यापेक्षा पान नीट पाहणे हा हेतू आहे. नंतर देवळाच्या खांबांवर आणि दारांच्या पट्ट्यांवर वेली दिसतील, घटपल्लव दिसेल, म्हणजे ज्याच्या तोंडातून पाने बाहेर झुकली आहेत असा भरलेला कलश. आवारातले पान आधी काढले असेल तर कारागिराने कोणता बाक ठेवला, कुठे शीर सोडून दिली आणि कुठे वाढवली हे लगेच डोळ्यांत भरते. पानाची हुबेहूब नक्कल त्याला करायची नव्हती. पानातली वाढ त्याला दगडात आणायची होती.

कणकुंबी-जांबोटीच्या दक्षिणेकडील बराच भाग भीमगड अभयारण्यात येतो, जे २०११ साली घोषित झाले. ‘रॉटनचे वटवाघूळ’ या दुर्मीळ जातीसाठी प्रसिद्ध असलेल्या बारापेडे गुहा याच परिसरात आहेत. जंगलात शिरण्यापूर्वी वनखात्याची परवानगी घ्यावी, आणि गुहांच्या वाटेला जाऊच नये; दुर्मीळ प्राण्याची ती राहती जागा आहे.

तिसरा टप्पा: दगड आणि हलशी

खानापूरहून नंदगडमार्गे सुमारे चौदा किलोमीटरवर हलशी आहे. वाटेत नंदगडला थांबून इंग्रजांविरुद्ध लढलेल्या संगोळ्ळी रायण्णाच्या समाधीला वंदन करावे. २६ जानेवारी १८३१ रोजी त्याला याच गावी वडाच्या झाडाला फाशी दिले गेले, आणि आजही समाधीजवळच्या वडापाशी लोक नवसाचे पाळणे बांधतात. मृत्यूची आठवण जपणाऱ्या झाडापाशी जन्माची मागणी करायची, ही लोकांची श्रद्धा फार खोल आहे.

हलशी म्हणजे जुनी पलाशिका. आद्य कदंब राजघराण्याची ती दुसरी राजधानी होती आणि पाचव्या शतकातील त्यांचे ताम्रपट इथे सापडले आहेत, त्यांत जैन मंदिराला दिलेल्या दानांचे उल्लेख आहेत. सात-आठशे वर्षांनी गोव्याच्या कदंबांच्या काळात, बाराव्या शतकात, भूवराह-नरसिंहाचे मोठे देऊळ इथे उभे राहिले. गाव आजही मराठी बोलणारे आहे, घरे चिऱ्यांची आणि कौलारू आहेत, आणि देऊळ वस्तीला लागूनच आहे.

देवळात जाण्याआधी गावातल्या भिंती पाहाव्यात. जांभा दगड सच्छिद्र असतो; जमिनीतून ओला काढला की करवतीने-कुदळीने घडवता येतो आणि हवेत उघडा राहिला की कडक होतो. पण त्यावर नाक-डोळे, दागिने असे बारीक काम होत नाही. म्हणून कोकण-सह्याद्रीच्या या पट्ट्यात भिंती जाड आणि साध्या असतात, आणि मूर्तीसाठी मात्र बारीक कणांचा काळसर दगड वापरलेला दिसतो. हा भेद लक्षात आला की साधी भिंत दरिद्री वाटत नाही. दगडाला जे जमते तेवढेच त्याच्याकडून मागितले आहे, आणि मला त्या संयमात एक प्रकारची नम्रता दिसते.

आता शिखर पाहावे. कदंब शैलीचे शिखर म्हणजे एकावर एक चढत गेलेले, प्रत्येक वेळी थोडे आत सरकलेले आडवे थर. होयसळांच्या देवळांसारखी गर्दीची नक्षी त्यावर नसते. अंगणाच्या कोपऱ्यात उभे राहून ते मागच्या डोंगराच्या पार्श्वभूमीवर बघावे. उतरत्या उन्हात प्रत्येक थराखाली सावलीची एक रेघ पडते, आणि ऊन जसजसे खाली येते तसतशा त्या रेघा रुंदावतात. शिखराची ही सावकाश हालचाल पाहायची तर अर्धा तास एका जागी उभे राहण्याची किंवा बसण्याची तयारी हवी. कदंबांच्या शिल्पींनी नक्षी न करता उन्हालाच काम दिले आहे.

आत दोन गर्भगृहे समोरासमोर आहेत. एकीकडे बसलेला नारायण आणि नरसिंह, तर दुसरीकडे भूवराह. भूवराहासमोर अधिक वेळ थांबावे असे मी सुचवेन. पृथ्वी पाण्यात बुडाली आणि विष्णूने वराहरूपाने तिला वर काढले ही कथा आपण सर्वांनी ऐकलेली आहे. पण ज्या प्रदेशात चार महिने शेत, वाट आणि ओढा यांच्यातील सीमा पुसल्या जातात आणि भाद्रपदानंतर जमीन हळूहळू पाण्यातून वर येते, त्या प्रदेशातील माणसाने ही मूर्ती पाहिली असेल तेव्हा त्याला ती कथा दूरची वाटली नसेल. कणकुंबीला पाण्यापाशी वीस मिनिटे बसून आलेल्या माणसाला वराहाने उचललेली भूदेवी वेगळ्या अर्थाने भेटते. दोन्ही गर्भगृहांच्या मध्ये, मंडपात, दोन्हींकडे तोंड करता येईल अशी जागा आहे. तिथे उभे राहून आधी एकीकडे, मग दुसरीकडे पाहावे: एक देव खांबातून प्रकटलेला, दुसरा पाण्यातून. रोजची पूजा चालू असलेले हे देऊळ आहे, म्हणून पूजेच्या वेळी मध्ये उभे राहून कोणाचा मार्ग अडवू नये.

हलशीत सुवर्णेश्वर, हाटकेश्वर अशी इतर जुनी देवळे आहेत आणि जैन बस्तीही आहे. ती मोठ्या देवळाच्या तुलनेत उपेक्षित आहेत. गावाबाहेर टेकडीवर रामतीर्थाचे स्थान आहे, जिथे रामेश्वराचे देऊळ आणि पाण्याचे कुंड आहे. दिवस मावळण्यापूर्वी तिथे जाऊन यावे. वरून खालचे गाव, भातखाचरे आणि पश्चिमेची डोंगररांग एकत्र दिसते, आणि दिवसभर तुकड्यातुकड्याने पाहिलेले पाणी, झाड, दगड हे सर्व एकाच भूमीचे आहे हे तिथे उमगते.

चौथा टप्पा: कोरीवकाम वाचणे

देगाव कित्तूरपासून पाच-सहा किलोमीटरवर आहे. इथले कमलनारायण मंदिर गोव्याच्या कदंब घराण्यातील राजा शिवचित्त पेरमाडी याची राणी कमलादेवी हिच्या नावाशी जोडलेले आहे आणि ते बाराव्या शतकातील आहे. एका ओळीत तीन गर्भगृहे आणि त्यांच्यासमोर लांब मंडप अशी त्याची मांडणी आहे. हलशीत दगडाचा संयम पाहिल्यानंतर देगावला त्याच घराण्याच्या आश्रयाने झालेले नाजूक काम पाहणे फार शिकवणारे आहे, म्हणून हा क्रम बदलू नये.

कोरीवकाम वाचताना खालून वर जावे. आधी जोते, मग भिंत, मग दार, शेवटी छत. दारापाशी उंबऱ्याला ओलांडण्याआधी चौकटीच्या पट्ट्या पाहाव्यात, ज्यांना द्वारशाखा म्हणतात. त्यांपैकी एखादी तरी वेलीची असते. वर मध्यभागी, ललाटबिंबावर, पुष्कळदा गजलक्ष्मी असते: कमळात बसलेली देवी आणि दोन्ही बाजूंनी तिच्यावर पाणी ओतणारे हत्ती. परंपरेने हत्तींना मेघांचे रूप मानले आहे, म्हणजे देवळात शिरणारा प्रत्येक माणूस पावसाखालून आत जातो. छताच्या कोपऱ्यांतील कमळे, कीर्तिमुखाच्या, म्हणजे उग्र सिंहमुखाच्या, तोंडातून निघणाऱ्या वेली, मकर या मगरीसारख्या प्राण्याच्या शेपटीची पाने झालेली वळणे, यांतील एकच आकृतिबंध निवडावा आणि तो देवळात कुठे कुठे आला आहे ते शोधावे. सर्व काही पाहण्याचा प्रयत्न केल्यास काहीच मनात राहत नाही.

झिजलेले शिल्प किंवा शिलालेख पाहण्यासाठी छोटी विजेरी बाजूने, भिंतीला जवळजवळ समांतर धरावी. समोरून टाकलेल्या उजेडात जे सपाट दिसते ते बाजूच्या उजेडात उठून येते. अक्षरांवर खडू, हळद, तेल किंवा पाणी कधीही लावू नये. आपल्याला क्षणभर अक्षर स्पष्ट दिसते, पण दगडाची ती जखम कायमची असते.

देवळाबाहेर मांडलेल्या शिळांकडे दुर्लक्ष करू नका. वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराची स्मृतिशिळा, खालून वर वाचायचा असतो: तळाच्या चौकटीत लढाई, मधल्या चौकटीत वीराला वर नेणाऱ्या अप्सरा, वरच्या चौकटीत शिवलिंगाची पूजा करणारा तो वीर आणि माथ्यावर चंद्र-सूर्य. चंद्र-सूर्य असेतोवर त्याची कीर्ती राहो, हा त्याचा अर्थ. नागशिळा मात्र झाडाशिवाय पाहूच नयेत. पिंपळाच्या मुळ्यांनी वेढलेल्या, हळदी-कुंकवाने माखलेल्या नागशिळेत शिल्प कुठे संपते आणि मूळ कुठे सुरू होते ते सांगता येत नाही, आणि मला तिथे नेहमी असे वाटते की घडवणाऱ्यालाही ते तसेच अपेक्षित होते.

नदी रुंदावते तिथे

मुगुटखान हुबळीला बसवेश्वरांच्या पत्नी गंगांबिका यांचे ऐक्यस्थान, म्हणजे समाधी, नदीपात्रात आहे, आणि जवळच कडरोळीला शंकरलिंगाचे जुने देऊळ मलप्रभेच्या पात्रातच उभे आहे. पावसाळ्यात ते पाण्यात जाते. पाणी उतरल्यानंतर हिवाळ्यात गेल्यास भिंतींवर पुराच्या पातळीच्या खुणा दिसतात. शतकानुशतके येणारा हा लोंढा सोसून उभी असलेली दगडांची जोडणी जवळून पाहावी.

सौंदत्ती ही रट्टांची जुनी राजधानी. यल्लम्माच्या डोंगरावर पौर्णिमेला भंडारा उधळीत आणि ‘उदे गं आई उदे’ म्हणत आपल्याकडची असंख्य मराठी कुटुंबे जातात. शांतता शोधणाऱ्याने पौर्णिमा आणि मंगळवार-शुक्रवार टाळावेत. पण एकदा तरी यात्रेतही जावे. जवळच नविलुतीर्थ येथे मलप्रभा डोंगर चिरून बाहेर पडते आणि तिथेच आता धरण आहे. मोराने साद घातली आणि डोंगराने नदीला वाट दिली, असे लोक सांगतात. इथवर आल्यावर दगड बदललेला दिसतो. खानापूरचा जांभा मागे पडतो आणि तांबूस वालुकाश्म सुरू होतो, ज्यात पुढे बदामीची लेणी कोरली गेली. हाच तांबूस खडक उत्तरेला गोकाकला घटप्रभेच्या धबधब्यापाशी दिसतो. तिथे नदी सुमारे बावन्न मीटर खाली झेपावते आणि काठावर चालुक्यकालीन देवळे आहेत. वेळ असेल तर तो वेगळा दिवस धरावा.

जाताना आणि तिथे असताना

पाण्याची बाटली, वही, पेन्सिल, आरसा, विजेरी, दुर्बीण असल्यास दुर्बीण, आणि बसायला एखादी चटई एवढे पुरे. छायाचित्रक जवळ असला तरी पहिला अर्धा तास तो बाहेर काढू नये. गाभाऱ्यात छायाचित्र घेण्यापूर्वी पुजाऱ्यांना विचारावे आणि नकार मिळाल्यास आग्रह धरू नये. शंकराच्या देवळात प्रदक्षिणा सोमसूत्रापर्यंत, म्हणजे अभिषेकाचे पाणी बाहेर पडणाऱ्या नाळेपर्यंत, घालून परत फिरतात. ती ओलांडू नये.

खानापूर तालुक्यात मराठीत सहज बोलता येते. गुरवांना, पारावर बसलेल्या वयस्कर माणसांना ‘मामा’ किंवा ‘काका’ म्हणून हाक मारावी, आधी त्यांच्या शेतीपाण्याची विचारपूस करावी आणि मग देवळाविषयी विचारावे. कोणत्या महिन्यात पाणी कुठपर्यंत येते, कोणते झाड कोणी राखले, हे पुस्तकात नसते, त्यांच्याकडे असते. कित्तूर-सौंदत्तीच्या बाजूला कन्नड बोलली जाते. तिथे ‘नमस्कार री’ एवढ्या दोन शब्दांनीही दार उघडते. भाषेवरून या भागात पुष्कळ दुखावलेपणा आहे, पण कदंबांची देवळे बांधणारे हात आपल्या आजच्या कोणत्याही बाजूचे नव्हते. तिथे तरी आपण आपलेपणाने बोलावे.

जुन्या देवळांवर चकचकीत तैलरंग चढवणे, कोरीव भिंतीला फरशा लावणे, सिमेंटने सांधे भरणे हे प्रकार गावोगाव वाढले आहेत. ते करणाऱ्यांची भावना देवाला नवे वस्त्र घालण्याची असते, म्हणून त्यांच्याशी तुच्छतेने बोलू नये. पण रंगाखाली दगडाचा श्वास कोंडतो, ओल आत राहते आणि काही वर्षांत पापुद्रे सुटू लागतात, हे जीर्णोद्धाराची वर्गणी सुरू होण्यापूर्वी शांतपणे सांगता येते. संरक्षित स्मारकापासून शंभर मीटरच्या आत बांधकामाला बंदी आणि त्यापुढील दोनशे मीटरपर्यंत परवानगीची अट आहे, हेही गावकऱ्यांना माहीत करून द्यावे. शिखरावर वड-पिंपळाचे रोप उगवलेले दिसल्यास ते स्वतः उपटू नये, कारण मुळाबरोबर सांध्यातला दगड सुटतो. रोप कोणत्या बाजूला, कोणत्या थरात आहे ते लिहून छायाचित्रासह मंदिर समितीला आणि स्मारक संरक्षित असल्यास पुरातत्त्व खात्याला कळवावे, आणि पुढच्या ऋतूत पुन्हा जाऊन त्याचे काय झाले ते पाहून यावे.